एका छोट्या स्टेशनच्या नोंदी, १:८७

२ मार्च

रेल्वे स्टेशनचं मॉडेल करायचंय, खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढं. त्यासाठी बोर्ड कापून आणला. १२ मिमीचा प्लाय, चार फूट बाय दीड फूट, खालून दोन इंची लाकडी पट्ट्यांची चौकट. माळ्यावरच्या खोलीत खिडकीखाली बरोबर बसला. बसणारच, खिडकी मोजूनच सगळी मांडणी ठरवली होती.

कागदावर पहिल्यांदा अर्थातच नागपूर स्टेशन होतं. १९२५ साली उघडलेली, सावनेरच्या वालुकाश्मातली ती इमारत लहानपणापासून डोळ्यांत आहे. पण १:८७ ला तिचा नुसता शंभर मीटरचा तुकडा घेतला तरी ११५ सेंटिमीटर होतो. अख्खा बोर्ड इमारतीनेच खाल्ला तर गाडी काय हवेत चालवायची?

मग नॅरोगेज. इतवारी ते नागभीड, १०६ किलोमीटर. ब्रॉडगेज करायची म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्याच्या काही आठवडे आधी मी पोरीला घेऊन उमरेडपर्यंत जाऊन आलो होतो. तेव्हाचे फोटो दोन मोबाइल बदलूनही वाचले, तेच आता भांडवल.

हिशेबही नॅरोगेजच्याच बाजूने आहे. दोन रुळांमधल्या ७६२ मिमी अंतराला ८७ ने भागलं की ८.७६ येतात, आणि बाजारात एन गेज नावाच्या मॉडेल-मापाचा तयार रूळ मिळतो ९ मिमीचा. पाव मिलिमीटरची चूक, कोणाच्या बापाला दिसणार नाही. ब्रॉडगेजवाल्यांचं दुखणं मोठं आहे. १६७६ मिमीचे १९.२६ व्हायला हवेत, पण एचओचा, म्हणजे १:८७ च्या मॉडेलांसाठी मिळणारा नेहमीचा रूळ १६.५ मिमीचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ च्या मापाने बनलेला. त्यामुळे आपली गाडी एचओवर ठेवली की अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसते. पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात पहिल्यांदा एचओ पाहिलं तेव्हा हे काही कळत नव्हतं, नुसता तोंड उघडं टाकून पाहत होतो.

९ मार्च

इमारत ठरली. कुहीच्या पुढचं एक लहान स्टेशन. नाव लिहीत नाही, कारण हुबेहूब होणार नाही हे आत्ताच दिसतंय.

माप कुठून आणायचं? नकाशा नाही, आणि तेव्हा टेप घेऊन गेलो नव्हतो. फोटोतल्या विटा मोजल्या. बाजूच्या भिंतीला गिलावा नव्हता, नुसता पिवळा रंग, त्यामुळे थर स्पष्ट दिसतात. जुनी वीट नऊ इंच बाय साडेचार बाय तीन. म्हणजे थराची उंची ७५ मिमी आणि वर मसाल्याचे १० मिमी धरून ८५. जोत्यापासून छपराच्या वाशापर्यंत ४२ थर. ३ मीटर ५७.

खात्री करायला दुसरा उपाय सापडला तो घरातच. एका फोटोत पोरगी त्याच भिंतीला टेकून उभी आहे, तिच्या डोक्यापर्यंत १८ थर, म्हणजे १५३ सेंटिमीटर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर हिने दर दिवाळीला पोरीची उंची पेन्सिलने लिहून ठेवलीय. २०१९ ची रेघ १५१ वर. दोन सेंटिमीटर चपलेचे. इतकं जुळल्यावर मी मोठ्याने "जमलं!" म्हणालो, तर खालून आवाज आला, "काय जमलं? गॅस बंद कर म्हटलं होतं ना!"

लांबी १३.८ मीटर निघाली, रुंदी ५.४.

१६ मार्च

१३.८ मीटरचे १५९ मिमी होतात. बोर्डावर पुठ्ठ्याची नुसती पेटी ठेवून पाहिली. फार मोठी दिसते. खऱ्या जागी तिच्या दोन्ही बाजूंना मैल मैल मोकळं रान आहे म्हणून ती लहान वाटते, चार फुटांच्या बोर्डावर तीच पेटी छाती काढून उभी राहते.

पार्सलची खोली काढून टाकली. राहिलं स्टेशन मास्तरचं ऑफिस, तिकीट खिडकी, उघडा व्हरांडा. ११ मीटर, १२६ मिमी. उंचीला मात्र हात लावला नाही. लांबी चोरलेली डोळ्याला चालते, दार बुटकं झालेलं चालत नाही. माणूस दाराशी स्वतःला मोजून पाहतो.

२३ मार्च

सगळी चित्रं काढून, छापून, भिंती कापून झाल्यावर दार २३ मिमीचं भरलं. सात फुटी दार २४.५ मिमीचं हवं. तासभर डोकं खाजवलं. छापताना "कागदावर बसवा" ची खूण राहून गेली होती, प्रिंटरने सगळं गुपचूप सहा टक्के आकसवलं. दुकानदाराचा दोष नाही, फाइल मी दिली, खूण मी पाहिली नाही.

आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढतो. छापून आलं की आधी ती रेघ मोजायची, मग कटर हातात घ्यायचा.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून, श्रीखंड खाऊन विटांना बसलो.

विटेची पद्धत अशी. आयव्हरी कार्डाखाली मऊ रबराची चटई, वरून शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी. ८५ मिमीचा थर ८७ ने भागला की ०.९८ येतो, म्हणून ग्राफ पेपरची १ मिमीची रेघ सरळ सरळ थराची रेघ म्हणून वापरता येते. ग्राफ पेपरची झेरॉक्स कार्डावरच काढली. ४२ थरांची भिंत ४१ च्या जागी ४२ मिमी झाली, होऊ दे.

आडव्या रेघा अर्ध्या तासात. उभ्या रेघांनी जीव घेतला. जुनी भिंत इंग्लिश बाँडची, एक थर विटांच्या लांब बाजूचा, त्यावरचा टोकांचा. लांब वीट पावणेतीन मिमी, टोक दीडला थोडं कमी. एका थरात सरासरी ६७ उभ्या खुणा, ४२ थर, म्हणजे एका लांब भिंतीला खिडक्या-दारं वजा जाता दोन-अडीच हजार. दोन बैठकींत अर्धी भिंत झाली.

पोरगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आली, भिंत हातभर लांब धरली आणि म्हणाली, "बाबा, इथून उभ्या रेघा दिसतात का तुम्हाला?" नाही दिसत. मसाल्याचा सांधा १० मिमीचा, म्हणजे मॉडेलवर दशांश मिलिमीटर. आडव्या रेघा सलग असतात म्हणून डोळा त्या पकडतो, उभ्या तुटक असतात म्हणून सोडून देतो.

तेव्हा उभ्या खुणा फक्त कोपऱ्यांना, खिडक्यांवरच्या कमानींना आणि जिथे रंगाचे पोपडे निघालेले दाखवायचेत तिथे. मागची भिंत सरळ गिलाव्याची केली. हा आळस आहे की शहाणपण ते ठरवायच्या भानगडीत पडत नाही.

६ एप्रिल

कूलर सुरू झाला आणि भिंती वाकल्या.

माउंटबोर्डाच्या चारही भिंतींवर विटांचं कार्ड फेव्हिकॉलने चिकटवून, वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर सोडल्या होत्या. सकाळी बघतो तर प्रत्येक भिंत धनुष्यासारखी, कार्डाच्या बाजूला वळलेली. एकाच बाजूने ओला कागद लावला की तो सुकताना आकसतो आणि बोर्डाला सोबत ओढतो, हे कारण एक. दुसरं कारण कूलरचा झोत थेट टेबलावर होता. ओली हवा बोर्डाने रात्रभर प्यायली.

पोरीने कॉलेजातून उरलेले सनबोर्डाचे तुकडे आणून दिले, ३ मिमीचे. तो पाणी पीत नाही. शिवाय नऊ इंची भिंत १:८७ ला २.६ मिमी होते, तेव्हा जाडीही जवळपास खरी, खिडकीचा कोनाडा खोल दिसतो. बाहेरून विटांचं कार्ड, आतून तेवढंच साधं कार्ड, दोन्ही एकाच बैठकीत. दोन्हीकडून सारखं ओढलं की भिंत जागची हलत नाही. प्लायला दोन्ही बाजूंनी मायका लावणाऱ्या सुतारांना हे माहीत असतं, मला पन्नाशीत कळलं.

१३ एप्रिल

खिडक्यांचे गज. खरा गज १२ ते १६ मिमी, म्हणजे मॉडेलवर दोन दशांश मिमीच्या आत. शिवणाचा दोरा लावून पाहिला, त्याला केस असतात, गजाला अंगावर लव आल्यासारखी दिसते. शेवटी पंख्याच्या जुन्या वायरीतला तांब्याचा एकेक तार सोडवला. वेडावाकडा निघतो, पण काचेवर ठेवून वरून स्टीलची पट्टी दाबत चार-पाचदा घरंगळवला की सुईसारखा सरळ होतो. खिडकीला सात गज, पाच खिडक्या. आडवा पट्टा कार्डाचा. फेव्हिक्विकचा थेंब टाचणीच्या टोकाने.

तिकिटाची खिडकी म्हणजे कमानीखालचं एक भोक, हात जाईल एवढंच. तिच्याखाली लाकडी फळी, पैसे सरकवून सरकवून मधोमध झिजलेली. झीज नखाने काढली. अख्ख्या इमारतीत मला सगळ्यात आवडलेली जागा हीच.

२० एप्रिल

पारा ४४ च्या वर. छपराच्या दोन उतारांना काळा प्रायमर मारून दुपारी गच्चीवर सुकायला ठेवले आणि जेवायला बसलो. वीस मिनिटं. परत आलो तर एक उतार पापडासारखा. काळा रंग, तापलेली फरशी आणि फोमचा सनबोर्ड, एवढं पुरलं.

नवे उतार २ मिमी एमडीएफचे केले. नागपुरात एप्रिल-मे मध्ये काहीही गच्चीवर सुकवायचं असेल तर ते कुरडई असावं.

२७ एप्रिल

शेजारचे काका पहिल्यांदा वर आले. नॅरोगेजवर गँगमन म्हणून लागले आणि मेट, म्हणजे गँगचे मुकादम, होऊन रिटायर झाले, याच लाइनीवर. इतके दिवस मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. थोडं उभं राहू दे, मग दाखवू, असं चाललं होतं.

त्यांनी इमारतीकडे पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर चढवला, वाकले आणि रुळाला बोट लावलं.

"हे कोणत्या लाइनीचे रूळ आहेत बाबू?"

"आपल्याच. नॅरोगेज."

"नाही ना. हे मेन लाइनीचे होत. आमचे रूळ इतके जाड कुठी होते? दोघं जण खांद्यावर टाकून चालत होतो आम्ही तुकडे."

रात्री गणित केलं. हा रूळ कोड ८० चा, म्हणजे इंचाचे ८० सहस्रांश, २.०३ मिमी उंच. गुणिले ८७, झाले १७७ मिमी. आजच्या मेन लाइनीवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, त्याची उंची १७२. म्हणजे काकांनी नुसत्या बोटाने जे सांगितलं ते पाच मिलिमीटरच्या फरकाने खरं निघालं. कोड ५५ चा रूळ मागवला असता तर १२२ मिमीवर आलो असतो, तेही जरा जाडच, पण आता रूळ बसलाय आणि खिसाही.

वर व्हरांड्याचे खांबही मी याच रुळाच्या उरलेल्या तुकड्यांचे केले होते. खऱ्या स्टेशनावर जुन्या रुळांचे खांब असतात म्हणून मोठ्या हौसेने. पत्र्याच्या चार फुटी छपराला राजधानी पेलणारे खांब! ते उपटले, आणि चहाच्या गाळणीच्या दांड्याची तार ठोकून चपटी करून लावली.

रुळाचं मात्र लपवावं लागेल. बाजूने गंजाचा गडद तपकिरी रंग, स्लीपरच्या वरपर्यंत गिट्टी. चमक फक्त माथ्यावर राहिली की डोळा माथाच मोजतो.

४ मे

गिट्टी. इथे एक मूर्खपणा नोंदवून ठेवतो.

खरी गिट्टी जास्तीत जास्त ६५ मिमीची, म्हणजे मॉडेलवर पाऊण मिमी आणि त्याहून बारीक. घरात त्या मापाचं काय आहे? रवा. उपम्याचा जाड रवा, राखाडी पोस्टर कलरमध्ये रंगवून, सुकवून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने बसवला. दिसला तर असा दिसला की मीच खूष. तिसऱ्या दिवशी लाइनीवर मुंग्यांची अप गाडी, लगेच डाउन गाडी. फेव्हिकॉल, रंग, कशालाच दाद नाही. ही म्हणाली, "कन्हानची वाळू अंगणात पडलीय ती दिसली नाही, डब्यातला रवा बरा दिसला."

सगळं खरवडलं. वाळू धुतली, वाळवली. आधी पिठाच्या चाळणीतून, जे वर राहिलं ते रव्याच्या चाळणीतून. मधलं घेतलं. बसवायची रीत तीच: कोरडी वाळू ब्रशने स्लीपरमध्ये सारून घ्यायची, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून फवारा, मग ड्रॉपरने पातळ फेव्हिकॉल. साबण नसला तर गोंदाचा थेंब वाळूवर मोत्यासारखा बसतो आणि मग वाळूला घेऊन वाहतो.

११ मे

कवेलू. बाकी महाराष्ट्र कौल म्हणतो, आम्ही कवेलू म्हणतो, आणि ही चपटी खाचेची असतील तर इंग्रजी कवेलू. प्रत्यक्षात ती मंगलोरी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात त्यांचा कारखाना काढला आणि मग रेल्वेने ती देशभर नेली. साहेबाच्या बंगल्यावर आणि स्टेशनावर दिसली म्हणून गावाने नाव ठेवलं इंग्रजी.

एक कवेलू मॉडेलवर पावणेतीन मिमी रुंद, उघडं दिसणारं अंतर ३.७ मिमी. १२६ मिमीच्या ओळीत ४७, उताराला १२ ओळी, दोन उतार. ११२८. सुटी कापायची नाहीत, वेडा नाही झालो. कार्डाच्या २४ पट्ट्या, प्रत्येकीच्या खालच्या कडेला ४६ चिरा, आणि प्रत्येक कवेलूच्या मधोमध बॉलपेनने एक दाब. खालून वर, पट्टीवर पट्टी, प्रत्येक ओळ अर्ध्या कवेलूने सरकवून.

पहिला उतार फार शहाणा झाला. सगळी कवेलू एका रेषेत, कवायतीला उभी असल्यासारखी. फोटो काढून पाहिले, खऱ्या छपरावर माकडं नाचून गेलेली असतात. दुसऱ्या उताराला वीस-पंचवीस कवेलूंची टोकं नखाने थोडी उचलली, दोन पूर्ण कापून टाकली, तिथून वासा दिसतो. मग पहिल्यालाही तेच केलं.

१८ मे

छपराचा रंग. विटकरी अ‍ॅक्रिलिक एकसारखा मारला की छप्पर प्लॅस्टिकचं. गेरू कामाला आला. दुकानातून आणलेला सुटा गेरू, वस्त्रगाळ करून, ओल्या रंगावर कोरड्या ब्रशने थापला. मग इथे-तिथे पाच-सात कवेलू वेगळी रंगवली, एक नारिंगी, दोन काळपट. ज्या वर्षी फुटली त्या वर्षी बदललेली.

भिंतींना पिवळा, खाली तीन फुटांपर्यंत चॉकलेटी पट्टा. पट्ट्याच्या वर पाण्याच्या ओघळांसाठी पानठेल्यावरचा चुना, पाण्यात एकदम पातळ. सुकला की उजळतो, ओला असताना काहीच दिसत नाही, त्यामुळे दोनदा जास्त झाला.

कोपऱ्यात खर्ऱ्याच्या (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेल्या) पिचकाऱ्या दाखवाव्यात की नाही यावर घरात दोन मतं. पोरगी म्हणाली घाण करू नका. काका म्हणाले, "मंग ते नागपूरचं स्टेशन कायचं?" दाखवल्या. खर्ऱ्याचा रंग पानासारखा लाल नसतो, काथ्यासारखा मातकट तपकिरी असतो आणि खाली ओघळत जातो. जाणकारांनी तपासून पाहावं.

८ जून

मालधक्क्याची लहान शेड घेतली. भिंती, चौकट एका दिवसात. पत्र्यावर आठवडा गेला, पण तो आठवडा मजेचा होता.

नालीदार पत्र्याची एक नाळ तीन इंचांची, ७६ मिमी. मॉडेलवर ०.८७. एवढ्या बारीक नाळीचं दाबायचं हत्यार कुठून आणायचं? इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात उभा असताना समोर आट्यांचे गज टांगलेले दिसले. एम-५ च्या गजाचे आटे ०.८ मिमीवर असतात. वीतभर तुकडा घेतला. रबराच्या चटईवर जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल, वरून गज पोळी लाटल्यासारखा जोर देऊन एकदाच पुढे नेला. नाळी उमटल्या! तंतोतंत, धारदार.

फक्त तिरक्या. आटे म्हणजे गोल कड्या नव्हेत, जिना आहे. गज एक फेरा फिरला की आटा ०.८ मिमी बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे रेघ साधारण तीन अंशांनी कलते. चार सेंटिमीटरच्या पत्र्यात दोन मिमीहून जास्त. गज तिरका धरून लाटायचा प्रयत्न केला, हात स्थिर राहत नाही. उपाय अगदी साधा निघाला. फॉइल मोठी घ्यायची, लाटायची, आणि मग कडा फॉइलला नव्हे तर उमटलेल्या नाळीला समांतर कापायच्या.

पत्रे आठ फुटी, म्हणजे २८ मिमीचे तुकडे, एकावर एक दोन नाळी चढवून. गंज खिळ्यांच्या ओळीपासून सुरू होतो आणि खाली पसरतो, वरून खाली सरसकट नाही.

२९ जून

दिवा. व्हरांड्यात एक, ऑफिसात एक. ३ मिमीचे वॉर्म व्हाइट एलईडी, १२ व्होल्टवर. आधी ४७० ओहमचा रेझिस्टर लावला, साधारण १९ मिलिअँपिअर. स्टेशनात लग्न असल्यासारखा उजेड पडला. शिवाय पांढऱ्या सनबोर्डातून प्रकाश आरपार, अख्खी इमारत आकाशकंदील झाली.

छप्पर सुटं ठेवलं होतं हे नशीब. आतून सगळ्या भिंतींना काळ्या रंगाचे दोन हात, छपराच्या कडेला आतून काळ्या लोकरीचा धागा, उजेड गळू नये म्हणून. रेझिस्टर ४.७ किलोओहमचा. आता दिवा असा दिसतो की खाली पोथी वाचता येणार नाही, गाडी कुठवर आली हे विचारता येईल.

१३ जुलै

जमीन. उमरेडकडची काळी माती पिशवीभर मागवली होती. भाजून, चाळून. भाजायची ती आत दडलेल्या किडामुंगीसाठी, रव्याने शिकवलंय. फलाट रुळाच्या पातळीचा, त्यावर मुरुमाची पूड. मातीला आणि मुरुमाला रंग देऊ नये, पण गोंदाने दोन्ही गडद होतात, म्हणून शेवटी कोरडा थर नुसता भुरभुरवायचा.

वाळलेलं गवत म्हणून कूलरच्या जुन्या ताट्यांतला वाळा. कातरीने दोन-तीन मिमीचे तुकडे, चिमटीने गोंदात उभे. रुळाकडेला, भिंतीच्या बुडाशी, नळाजवळ. खोलीत अजून वास येतो.

पाटी केली, पिवळी, काळी अक्षरं अजून नाहीत. आगीच्या चार बादल्या लाल, त्यांचे बूड गोल. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. यासाठी मात्र कोड ८० चा तुकडा वापरला. कुठे तरी लागलाच.

१७ ऑगस्ट

पोळा तोंडावर आलाय. काका नातवाचा लाकडी बैल रंगवायला घेऊन वर आले, माझे रंग आणि ब्रश आयते मिळतात म्हणून. बैल रंगवता रंगवता मॉडेलकडे बघत होते. मी काही विचारलं नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाले,

"सगळं केलं तू. पाण्याचं कुठी आहे?"

"नळ आहे ना काका, तो काय, शेडच्या बाजूला."

"नळ कोणाच्या कामाचा? उन्हाळ्यात नळाचं पाणी चहासारखं. व्हरांड्यात माठ राहत होते दोन. ओल्या पोत्यावर. गाडी थांबली का लोक इंजिनाकडे नाही, माठाकडे पळत."

फोटो काढून पाहिले. व्हरांड्याच्या कोपऱ्यात, खांबाच्या अर्ध्या आड, काळपट गोल काही तरी आहे. पाच महिने तो फोटो मी रोज पाहत होतो. विटा मोजल्या, गज मोजले, तो कोपरा मात्र सावली समजून सोडून दिला.

माठ साधारण एक-दीड फुटाचा, म्हणजे चार-पाच मिमी. साबुदाणा हातात घेतला होता, पण हिने नुसतं बघितलं आणि मी डबा परत ठेवला. मिरे सुरकुतलेले, धण्याला रेघा. मग तीच तुटलेल्या माळेची डबी घेऊन आली. मातीचे मणी, साडेचार मिमीचे, दोरा ओवायचं भोक वरच. तेच माठाचं तोंड. गेरू लावला, बुडाकडे ओल दाखवायला थोडा काळा, खाली पोतं म्हणून गाठी मारायच्या सुतळीचा उसवलेला तुकडा. दुसऱ्या मण्याच्या तोंडावर कार्डाची झाकणी आणि तिच्यावर पालथा पेला, तो तांब्याच्या तारेचा कापलेला टवका.

व्हरांड्यात, तिकीट खिडकीच्या डावीकडे, दोन्ही बसवले. काकांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि बोटाने दुसरा माठ खांबाकडे जरासा सरकवला. गोंद अजून ओला होता.